पिंपाखाली गेलेली बैठक

साखरपेठी | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, दोन वर्षं मी इथं नुसता वाचतोय. आज लिहायला बसलो त्याला कारण पाण्याचं एक पिंप.

आम्ही पाच जण. तिघं इंजिनियर, एक आर्किटेक्ट आणि मी, म्हणजे पुण्यात पाच वर्षं मोबाइल ॲपचे पडदे आखून सोलापूरला परत आलेला. मागच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत, पाळण्याच्या रांगेत उभं असताना ठरलं की गावासाठी काहीतरी करू. विडी वळणाऱ्या बायकांची पाठ आणि मान दुखते हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हटलं, यावर काम करू, आणि रीतसर करू. ह्यूमन सेंटर्ड डिझाइननं.

शब्द नवा असेल तर थोडक्यात सांगतो. वस्तू किंवा सेवा बनवणाऱ्यानं आधी वापरणाऱ्याच्या घरी जायचं, त्याचा दिवस बघायचा, अर्धीकच्ची वस्तू त्याच्या हातात द्यायची, ती कुठं अडते ते बघायचं आणि परत बदलायची. आयडिओ नावाच्या अमेरिकन डिझाइन कंपनीनं २००९ साली गेट्स फाउंडेशनच्या मदतीनं सामाजिक संस्थांसाठी याची एक फुकट मार्गदर्शिका काढली. त्यात इंग्रजी आद्याक्षरांवरून तीनच पायऱ्या होत्या: ऐका, घडवा, पोचवा. आम्ही त्या छापून भिंतीवर लावल्या होत्या.

मग पूर्व भागातल्या एका गल्लीत तीन शनिवार गेलो. चहा प्यायलो, फोटो काढले, बावीस बायकांना प्रश्न विचारले. पाठ दुखते का? हो. बसायला नीट काही मिळालं तर वापराल का? हो. घरी येऊन प्लायवूडची बैठक बनवली. जमिनीपासून नऊ इंच, पाठीला टेकू, पुढं सूप ठेवायला उतरती फळी, बाजूला कात्री आणि दोऱ्याच्या रिळासाठी खाच. देखणी होती हो. अजून फोटो बघितला की छाती फुगते. आठ घरांत आठ दिल्या. बायकांनी बसून बघितलं, "मंचिगुंदी" म्हणाल्या. तेलुगूत, छान आहे.

तीन आठवड्यांनी गेलो तर पाण्याचा दिवस. गल्लीत घागरींची धांदल. आठांपैकी पाच बैठका पिंपाखाली. एकीवर मिक्सर. एक भावाच्या घरी गेलेली. आठवी वापरात होती, तिच्यावर आजोबा पेपर वाचत बसले होते.

मी विचारलं, अक्का, असं का? ती म्हणाली, "पिंपाच्या तोटीखाली घागर बसत नव्हती. आता बसते."

तर प्रश्न असा. आम्ही ऐकलं, घडवलं, पोचवलं. चुकलं कुठं? आणि या पद्धतीनं खरंच काही बदलतं का, की ही आमच्यासारख्यांची शनिवारची करमणूक?

पार्कचौपाटी | रविवार, रात्री ११.०५

काय बे साखरपेठी, तू पिंपाचं स्टँड डिझाइन केलास की. आठातले पाच खपले. पुण्यात एवढं यश मिळालतं का कधी? धागा बंद करा, सत्कार ठेवा, हुरडा मी आणतो.

सुलभा_जुळेसोलापूर | सोमवार, सकाळी ७.२०

पार्कचौपाटी, हसू आलं, पण मुद्दा तुमचाच बरोबर आहे. त्या बाईनं तुमच्यापेक्षा चांगलं डिझाइन केलं, साखरपेठी. तिच्याकडे अडचण होती, नऊ इंचांची मजबूत वस्तू हाती आली, तिनं जोडी लावली. तुम्ही तिची अडचण स्वतःच ठरवून गेला होतात. "पाठ दुखते का" या प्रश्नाला कोण नाही म्हणेल? मी शाळेत तीस वर्षं उभी राहून शिकवलं, माझीही दुखते.

एक विचारते. विडी वळताना त्यांचे पाय कुठं असतात, हे पाहिलंत?

साखरपेठी | सोमवार, सकाळी ९.१५

सुलभाताई, पाहिलं, पण नंतर. एक पाय लांब, एक दुमडलेला, सूप मांडीवर. तंबाखू सांडली तर सुपातच पडते. आमच्या उतरत्या फळीवरून ती जमिनीवर जायची, आणि तंबाखू तोलून मिळते, म्हणजे नुकसान त्यांचं. दुसरं म्हणजे लांब केलेल्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. बाळ रडलं की अंगठा हलतो, हात थांबत नाहीत. आमच्या बैठकीवर बसलं की पाय दुमडतात, दोरी सुटते.

तीन शनिवारांत काढलेल्या फोटोंमध्ये दोरी दिसते. चार फोटोंत. आम्हीच बघितली नव्हती.

भूजल_काका | सोमवार, दुपारी १२.३०

मी भूजलाच्या कामात नोकरी केली, आता निवृत्त आहे. चिरंजीव साखरपेठी, अमेरिकेची मार्गदर्शिका भिंतीवर लावलीत, लावा, माझी हरकत नाही. पण या पद्धतीचं जगातलं एक मोठं उदाहरण आपल्या गावाचं नाव घेऊन फिरतं आणि इथल्या पोरांना ते माहीत नसतं, याचं वाईट वाटतं. हातपंप.

१९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळानंतर युनिसेफनं कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं देशात आणली. बोअर झाले, पाणी लागलं, त्यावर पंप बसले. ते पंप ओतीव लोखंडाचे, युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या शेतावरच्या कुटुंबासाठी आखलेले. तिथं दिवसातून पाच-दहा बादल्या निघायच्या. आपल्याकडे त्याच पंपावर अख्खं गाव, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. सांधे झिजायचे, खिळी निसटायची, दांडा तुटायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बसवलेल्यांतले बहुतेक पंप बंद पडलेले होते. खाली पाणी, वर बंद पंप, आणि बाई परत जुन्या आडावर.

त्या वेळी चालू राहिलेले पंप कोणते, हे लोकांनी जाऊन पाहिलं. त्यात आपल्या भागातले होते. जालन्याला मिशनच्या कार्यशाळेत सुधारलेला एक पंप निघाला होता, त्याच्या पुढची पायरी सोलापूर वेल सर्व्हिस या मिशनशी जोडलेल्या संस्थेची. सोलापूर पंप म्हणतात तो. ओतीव लोखंडाऐवजी पोलाद, कारण ते गावात वेल्डिंगनं जोडता येतं. अनेक खिळ्यांऐवजी दांड्याला एकच धुरी. दांडा आणि आतली सळई यांच्यामध्ये साखळी, म्हणजे दांडा कसाही वाकडा दाबला तरी सळई सरळच वर येते. वाकडा कोण दाबतं? आठ वर्षांची पोरगी, जी दांड्याला लोंबकळते. पंप तिच्यासाठी आखला गेला होता असं मी म्हणतो.

पुढं भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी मिळून याच्याच आधारावर इंडिया मार्क टू बनवला. कोइमतूरकडे गावांत बसवून तपासला, मग कारखान्यात गेला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही मार्क टू दिसतो, त्याच्या वंशावळीत सोलापूर आहे.

पण गोष्ट तिथं संपली नाही, आणि माझा खरा मुद्दा हा आहे. मार्क टू बिघडायचा कमी, पण बिघडला की आतला दट्ट्या काढायला सगळी पाइपलाइन वर ओढावी लागे. जड हत्यारं, गाडी, तालुक्याची टोळी. टोळी यायची तेव्हा यायची. म्हणून मार्क थ्री आला. त्याचा पाइप रुंद केला, म्हणजे दट्ट्या पाइपातूनच वर निघतो आणि गावातली माणसं दुरुस्ती करू शकतात. राजस्थानात बायकांना हातपंपाच्या मिस्त्री म्हणून तयार केलं गेलं. पंप बंद पडला की पहिला फटका ज्यांना, दुरुस्ती त्यांच्याच हाती आली.

तुमची बैठक मोडली असती तर कोण दुरुस्त करणार होतं?

पार्कचौपाटी | सोमवार, दुपारी १२.४४

काका, दंडवत. आमच्या शाळेमागं तसला पंप होता, आम्ही दांड्याला लोंबकळायचो आणि गुरुजी मारायचे. आता गुरुजींना सांगायला पायजे, आम्ही टेस्टिंग करत होतो.

साखरपेठी | सोमवार, दुपारी १.१०

काका, आम्हीच करणार होतो दुरुस्ती. म्हणजे शनिवारी. म्हणजे वेळ मिळाला तर. कळलं.

परदेशस्थ_सोलापूरकर | सोमवार, संध्याकाळी ६.००

पाण्याचा विषय निघालाच आहे तर उलटं उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेतला प्लेपंप. मुलांचा गोल फिरणारा झोपाळा पंपाला जोडलेला, मुलं खेळणार आणि टाकी भरणार. कल्पना इतकी गोड की २००६ मध्ये अमेरिकेतून कोट्यवधींची मदत जाहीर झाली. एका ब्रिटिश वृत्तपत्रानं नंतर हिशोब मांडला: ठरवलेलं पाणी काढायचं तर मुलांनी दिवसाला सत्तावीस तास खेळायला हवं होतं. दिवसभर तो झोपाळा बायकाच ढकलत राहिल्या, आणि काही ठिकाणी चालू असलेला साधा हातपंप काढून तो बसवला होता.

दुसरं, थोडं बरं. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना २००७ मध्ये स्वस्त इनक्युबेटर बनवायचं काम मिळालं. त्यातला एक जण नेपाळला गेला तेव्हा दिसलं की शहरातल्या इस्पितळात इनक्युबेटर रिकामे उभे आहेत. कमी दिवसांची बाळं खेड्यात जन्मतात, तिथपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून त्यांनी वीज नसतानाही काही तास ऊब धरणारी पिशवी केली. एम्ब्रेस नाव. भारतात दाखवताना आणखी एक गंमत झाली. पिशवीवर तापमानाचा आकडा होता. एका आईनं सांगितलं, ही इंग्रजी औषधं कडक असतात, आम्ही अर्धीच देतो, तसं हेही थोडं कमीच ठेवू. आकडा काढून टाकला. आता नुसतं कळतं, तयार आहे की नाही.

चादर_टॉवेल | सोमवार, रात्री ९.३०

अक्कलकोट रोडला आमचे माग आहेत, वडिलांपासून. कामगारांसाठी कानात घालायचे बोळे आणले होते, चांगले, महागाचे. मागांचा आवाज किती असतो ते शेडमध्ये आल्याशिवाय कळत नाही, फोनवर बोलायचं तर गेटबाहेर यावं लागतं. आठ दिवसांत सगळे बोळे खिशात. मी चिडलो. एका जुन्या कामगारानं सांगितलं, "मालक, धागा तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलतो. बोळे घातले तर ऐकू येत नाही, मग चादरीत डाग पडतो, आणि डागाचे पैसे कुणाचे कापणार?"

गप्प बसलो. पैसे मीच कापत होतो ना.

मग काय केलं? डागाचे पैसे कापायचे बंद केले. सगळे नाही, अर्धे. आता दहातले चार-पाच जण बोळे घालतात. हे डिझाइन आहे की नाही मला माहीत नाही, तुम्ही शिकलेले सांगा.

लालबावटा | सोमवार, रात्री १०.५०

चादर_टॉवेल यांनी नकळत या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य लिहिलं. बोळा बदलून काही झालं नाही. कपात बदलली तेव्हा झालं. (उरलेल्या अर्ध्याबद्दल आपण भेटून बोलू.)

साखरपेठी, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी कडक बोलणार. विडी कामगार बाईची पाठ दुखते कारण दर हजारी आहे. हजार विड्या भरल्याशिवाय दिवस भरत नाही. वर छाट. ब्रँचमध्ये, म्हणजे कारखान्याच्या विड्या जमा करायच्या ठिकाणी, तपासणारा मूठभर विड्या बाजूला टाकतो, त्याचे पैसे नाहीत, ती भरून द्यायची पानं पुन्हा तिनंच काटकसरीनं काढायची. टेकू लावलेल्या बैठकीवर बसून हजारच वळायच्या असतील तर तुम्ही फक्त शोषण मऊ केलंत.

या शहरात माणूस मध्यभागी ठेवून काय होतं ते बघायचं तर कुंभारीला जा. गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरं. कामगार नेते आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, स्वतःचा वाटा पैशांत भरला, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते घरं मिळाली. त्याच्या पुढं रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी दिल्या. सरकारं दोन पक्षांची, मागणी त्याच बायकांची. तिथं कुणी "तुम्हाला घर हवंय का" असा फॉर्म भरून घेतला नव्हता.

साखरपेठी | सोमवार, रात्री ११.२५

मास्तर (तुम्हाला मास्तर म्हणतो, राग नसावा), शोषण मऊ केलं हे लागलं. बरोबर असेल. पण एक विचारू? दर वाढेपर्यंत मान दुखतेच ना? दोन्ही एकदम चालू शकत नाही का?

लालबावटा | सोमवार, रात्री ११.४०

चालू शकतं. फक्त मोर्चाच्या दिवशी तुम्ही कुठं असता ते मी बघणार.

परिते_रोड | मंगळवार, सकाळी ८.१०

मी माढा तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले सर आमच्या जिल्ह्याचे, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली, हे सगळ्यांनी वाचलंय. बातम्यांत क्यूआर कोडच गाजला. पुस्तकावर कोड, मोबाइल धरला की कविता ऐकू येते. नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही कोड आले.

मला त्याआधीची गोष्ट जास्त मोठी वाटते. शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक मराठी. सरांनी आधी कन्नड शिकून घेतलं. मग पुस्तक मुलांच्या भाषेत नेलं, कोड त्यानंतरचा. आता गावोगावी कोड छापतात. ज्या घरात एकच मोबाइल आणि तो बापाच्या खिशात, तिथं कोड म्हणजे पानाच्या कोपऱ्यातलं ठिपक्यांचं चित्र. माझ्या वर्गातली एक मुलगी ते रंगवते.

साखरपेठी | मंगळवार, सकाळी ९.००

बाई, आम्ही सगळे प्रश्न मराठीत विचारले होते.

पद्मजा_घरकुल | मंगळवार, दुपारी ३.४५

मी हा धागा कालपासून वाचतेय. लिहू की नको करत होते. माझी आई अठ्ठावीस वर्षं विडी वळते. आमच्या घरी तुमची बैठक आली नाही, पण मावशीकडे आली. (पिंपाखालच्या पाचांतली एक.)

दादा, तुम्ही पाचही पुरुष होता. हातात वही होती. मावशीला वाटलं योजनेचा सर्वे आहे. सर्वेवाल्याला हो म्हणायचं असतं, नाव कटायला नको. म्हणून बावीसच्या बावीस हो. आणि "मंचिगुंदी" म्हणजे छान आहे हे खरं, पण ते कसं म्हटलं त्यावर असतं. पाहुण्याला मंचिगुंदी म्हटलं की त्याचा अर्थ, बरं, आता या.

आईचा दिवस सांगते, कुणी विचारला नाही म्हणून. रात्री पानं भिजवून गोणपाटात गुंडाळायची. पहाटे पाणी असेल तर पाणी, नसेल तर स्वयंपाक. मग पान कापायचं, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं. सगळ्यात जास्त वेळ यात जातो आणि हे कुणाच्या फोटोत येत नाही, कारण फोटो काढायला लोक येतात तेव्हा बायका वळत असतात. दुपारभर वळणं. संध्याकाळच्या आत ब्रँच. ती उंबऱ्यात बसते, आत नाही. आत अंधार. उंबऱ्यात बसलं की येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येतं, दिवस जातो. तुमची बैठक उंबऱ्यात मावत नव्हती, दार अडत होतं.

आणि लालबावटा काका, तुमचंही खरं आहे, घर त्या मोर्चांनीच मिळालं, आईची किल्ली अजून देवाजवळ असते. पण मी आईला विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, तू वळू नकोस, बस. मी डी.फार्म करतेय. ते होईपर्यंत तिला काय पाहिजे ते मी परत विचारते. आज रात्री, ती पानं भिजवताना. तेव्हा ती बोलते.

भूजल_काका | मंगळवार, दुपारी ४.०५

पोरी, तू लिहिलंस ते बरं केलंस.

सुलभा_जुळेसोलापूर | मंगळवार, संध्याकाळी ५.३०

उंबऱ्याचं ऐकून सुचलं. छपराच्या एका पत्र्याऐवजी आरपार उजेड येणारा पत्रा बसवला तर? आमच्या गच्चीवरच्या खोलीला आहे.

साखरपेठी | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

ताई, केलंय ते. बैठकीनंतर दोन घरांत बसवला. फेब्रुवारीत सगळे खूश. एप्रिलमध्ये एका घरात त्यावर ओलं गोणपाट टाकलेलं, दुसऱ्यात वरून शेणाचा गिलावा. सोलापूरचं ऊन उजेड घेऊन येतं आणि सोबत तवाही आणतं. म्हणजे हिवाळ्यात उपाय आणि उन्हाळ्यात शिक्षा. सरकता केला तर जमेल असं आमचा आर्किटेक्ट म्हणतो. मी त्याला म्हटलं, तू आधी मे महिन्यात तिथं दुपारी दोन तास बस. अजून बसला नाही.

पार्कचौपाटी | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

नुसता उजेड पायजे म्हणून उंबऱ्यात नाही बसत बे त्या. गप्पांसाठी बसतात. पद्मजाताईनं लिहिलंय की वर. तुम्ही उजेड आत नेलाव, शेजारीण कशी नेणार?

साखरपेठी | मंगळवार, संध्याकाळी ६.३८

तू आमच्यात का नाही बे?

पार्कचौपाटी | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

शनिवारी गाडा असतो माझा.

परदेशस्थ_सोलापूरकर | मंगळवार, रात्री ८.२०

एक शंका. असं घरोघर, उंबरा-उंबरा बघत बसलं तर हजारो घरांपर्यंत कधी पोचणार? मार्क टू पोचला कारण एकच नमुना लाखोंनी बनला.

भूजल_काका | मंगळवार, रात्री ९.००

नमुना एकच होता, पण तो एक नमुना सापडायला जवळजवळ दहा वर्षं आणि शेकडो मोडके पंप लागले. मोडके पंप उघडून पाहणारी माणसं लागली. आणि एवढं करून मार्क टूमध्ये दुरुस्तीचा विचार राहिलाच. घाई करून लाखोंनी बनवलं तर चूकही लाखोंनी बनते. साखरपेठींच्या आठच बैठका चुकल्या, स्वस्तात सुटले.

चादर_टॉवेल | मंगळवार, रात्री ९.२०

लालबावटा, उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायचं तर शुक्रवारी सुट्टी असते मागांना, या. चहा आमचा.

पद्मजा_घरकुल | मंगळवार, रात्री ११.५०

विचारलं.

आधी म्हणाली काही नको. मग म्हणाली, पाठीचं काय, पाठ झोपली की बरी होते. हा अंगठा बघ. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आहे आणि सकाळी तो उघडत नाही, कोमट पाण्यात धरावा लागतो. मी लहानपणापासून बघते, मला वाटायचं सगळ्यांच्या आईचा असाच असतो. कात्रीमुळे होतं. कात्री बोथट झाली की जोर जास्त लागतो. बोथट कात्रीनं पानाची कड फाटते, फाटलेल्या कडेची विडी छाटात जाते. म्हणजे अंगठाही जातो आणि पैसेही.

धार लावणारा सायकलवाला पूर्वी दर आठ दिवसांनी यायचा. आता महिन्या-दीड महिन्यानं येतो, कधी येत नाही. शहरात द्यायची तर एक दिवस कात्रीविना, म्हणजे एक दिवस बुडाला. दोन कात्र्या असतील तर चालेल, पण चांगली दुसरी कात्री घ्यायची कुणी?

एवढंच म्हणाली. बैठकीबद्दल म्हणाली, मावशीची नीट आहे, पिंप हलत नाही.

साखरपेठी | बुधवार, सकाळी ६.५०

पद्मजा, रात्री झोप आली नाही. बावीस बायका, तीन शनिवार, आणि कात्रीसाठी मी बैठकीला खाच कोरली होती. कात्री हातात घेऊन बघितली नाही.

काही बनवत नाही सध्या. एक सुचतंय ते सांगतो, चुकत असेल तर आत्ताच सांग. संध्याकाळी ब्रँचमधून आल्यावर सकाळपर्यंत कात्री मोकळी असते ना? तेवढ्यात धार लावून पहाटे परत दिली तर दिवस बुडणार नाही.

पद्मजा_घरकुल | बुधवार, सकाळी ७.३०

काही जणी रात्री जेवणानंतर पण कापतात. साडेनऊनंतर घ्या आणि पाचच्या आत द्या. पाच म्हणजे पाच.

पार्कचौपाटी | बुधवार, सकाळी ७.४५

आमच्या गाड्याच्या सुऱ्या एक चाचा लावून देतात, मंगळवार बाजाराकडं बसतात. रात्रीचं काम करतील का विचारतो. पैसे किती घेतील ते पण विचारतो, फुकट नको सांगू त्यांना, ते पण माणूसच हायेत.

लालबावटा | बुधवार, सकाळी ८.१५

धारेचा खर्च कारखान्यानं द्यायला हवा, अवजार कामाचं आहे. मी मागणीपत्रात घालतो. तोपर्यंत किती खर्च झाला ते लिहून ठेवा, प्रत्येक कात्रीमागे, तारखेसह. मला तो कागद लागेल.

साखरपेठी | बुधवार, सकाळी ८.३०

ठेवतो, मास्तर.

पद्मजा, एका गल्लीपासून सुरू करू. मावशीच्या. आज साडेनऊला येतो, वही न घेता. सोबत माझी बहीण आहे, तिला तेलुगू येतं, लग्न पूर्व भागात झालंय. किती कात्र्या असतील?

पद्मजा_घरकुल | बुधवार, सकाळी ८.५२

चौदा. प्रत्येकीला रंगीत दोरा बांधून ठेवायला सांगते, अदलाबदल झाली तर भांडणं होतील. त्यातली हिरव्या दोऱ्याची मावशीच्या शेजारणीची, ती डावखुरी आहे. चाचांना सांगा, तिची धार उलट्या बाजूची आहे. आजवर प्रत्येकानं चुकीचीच लावलीय.